प्लेगची गांठ आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी

नगर जिल्ह्याच्या माळावर अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायांत बाभळीचा कांटा मोडणें ही इतकी नित्याची गोष्ट आहे कीं, तिचा कोणी फारसा विचार करीत नाहीं. कांट्याचें टोंक आंत राहतें आणि दुसऱ्या दिवशीं ती जागा लाल होते, तापते, सुजते व ठणकूं लागते. घरांतील वडील मंडळी तिच्यावर गरम पोटीस बांधतात. चार दिवसांनीं गळूं पिकतें, फुटतें आणि पुवाबरोबर कांट्याचें टोंकहि बाहेर पडतें. लाली, उष्णता, सूज आणि वेदना हीं दाहाचीं चार लक्षणें सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलीं आहेत. आपल्याकडे सुश्रुतानेंहि व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगून, कोणत्या अवस्थेंत शस्त्र लावावें व कोणत्या अवस्थेंत लावूं नये, याचा विचार केला आहे. दाह कसा दिसतो हें अशा रीतीनें फार जुन्या काळापासून माहीत होतें. तो कशासाठीं होतो, हें मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणालाहि नीट सांगतां येत नव्हतें.

या प्रश्नाचा उलगडा युरोपांत होऊं लागला होता, त्याच सुमारास महाराष्ट्रावर प्लेगचें संकट कोसळलें. पायांतील कांट्याचें गळूं हा दाह आणि प्लेगच्या रोग्याच्या जांघेंत किंवा काखेंत उठणारी गांठ हाहि दाहच. पहिल्यांतून माणूस हंसत उठतो. दुसऱ्यांत औषध नसेल तर शंभरांतील तीस ते साठ माणसें दगावतात. शरीर तेंच, रक्त तेंच, रक्तांतील पांढऱ्या पेशीहि त्याच. मग एवढा फरक कां पडावा? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. संकटाची वार्ता जेथें वेळेवर पोंचते तेथें शरीर तरतें आणि जेथें ती दडपली जाते तेथें तें बुडतें, असें त्या उत्तराचें सार आहे. प्लेगच्या दिवसांत गांवांना आणि शहरांनाहि हाच नियम लागू पडला.

प्रथम युरोपांतील घडामोडी पाहूं जातां १८६७ सालापासून आरंभ करावा लागतो. त्या वर्षीं जर्मन शास्त्रज्ञ यूलियस कोनहाइम यानें बेडकाच्या शरीरांतील पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून, दाह सुरू झाला म्हणजे रक्तवाहिन्यांत काय घडतें, हें डोळ्यांनीं पाहिलें. वाहिन्या रुंद झाल्या, पांढऱ्या पेशी प्रवाहाच्या मध्यांतून कांठाला आल्या, भिंतीला चिकटल्या आणि भिंत न फोडतां तिच्यांतून अलगद बाहेर पडल्या. गळवांत सांपडणारा पू मुख्यतः या पेशींचाच बनलेला असतो, हें त्यावरून उघड झालें. परंतु त्या बाहेर कां येतात? बहुतेक वैद्यांची समजूत अशी होती कीं, या पेशी रोगजंतूंना पाठीवर घेऊन शरीरभर हिंडवितात. दाह म्हणजे रोगच, आणि पू म्हणजे रोगाचें फळ, असें ते मानीत.

ही समजूत उलथून टाकणारा मनुष्य वैद्य नव्हता. तो प्राणिशास्त्रज्ञ होता. एली मेचनिकॉफ हा रशियन विद्वान १८८२ सालीं सिसिली बेटावरील मेसिना शहरीं राहत होता. घरांतील मंडळी सर्कस पाहण्यास गेलीं असतां तो एकटाच तारामाशांचीं पारदर्शक पिलें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत बसला होता. अशा पिलाच्या अंगांत कांटा टोंचला तर आंतील भटक्या पेशी त्याच्याभोंवतीं जमतील काय, असा विचार त्याच्या मनांत आला. बागेंतील गुलाबाचे कांटे आणून त्यानें ते पिलांच्या अंगांत खुपसले. सकाळीं पाहतो तों प्रत्येक कांट्याभोंवतीं पेशींचा गराडा पडलेला! या पिलाला रक्तवाहिन्या नाहींत. तरीहि परकी वस्तु आंत आल्याची वार्ता पेशींना कळली आणि त्या तिकडे धांवल्या. दाह हा मुळांत रोग नसून रोगावरचा उपाय आहे, हा सिद्धान्त त्यानें मांडला आणि जंतु गिळणाऱ्या या पेशींना भक्षक पेशी असें नांव मिळालें. त्यांपैकीं लहान, चपळ आणि सर्वांआधीं धांवून येणाऱ्या पेशींना पुढें न्यूट्रोफिल म्हणूं लागले. कारण पॉल एर्लिख यानें १८८० च्या सुमारास रक्त रंगविण्याच्या ज्या रीति शोधिल्या, त्यांत या पेशींतील कण आम्ल रंगहि घेईनात आणि अल्क रंगहि घेईनात. मेचनिकॉफ आणि एर्लिख या दोघांना १९०८ सालचें नोबेल पारितोषिक विभागून देण्यांत आलें.

मेचनिकॉफच्या या विचाराचा महाराष्ट्राशीं संबंध जुळला तो त्याच्या एका शिष्यामुळें. वाल्डेमार हाफकिन हा १८६० सालीं ओडेसा येथें जन्मलेला ज्यू तरुण तेथील विद्यापीठांत मेचनिकॉफच्या हाताखालीं शिकला. पुढें गुरु पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें गेल्यावर शिष्यहि तेथें पोंचला. त्यानें पटकीची लस तयार केली आणि १८९३ सालीं तो हिंदुस्थानांत आला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारनें हाफकिनला मुंबईस बोलावून घेतलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली, एक कारकून आणि तीन पट्टेवाले एवढ्या सामुग्रीवर त्यानें कामास आरंभ केला.

त्याची कृति या देशाच्या रीतिभातींना धरून होती. जंतूंच्या वाढीसाठीं लागणारें मांसजल त्यानें बोकडाच्या मांसापासून केलें, म्हणजे हिंदु व मुसलमान दोघांचाहि आक्षेप टळावा. त्या रसावर तो तुपाचे थेंब तरंगूं देई. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतु खालीं लोंबणाऱ्या दोऱ्यांप्रमाणें वाढत. मग तो रस तापवून जंतु मारीत आणि त्यांत थोडें कार्बोलिक ॲसिड घालून तो कुप्यांत भरीत. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिननें ही लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याला ताप आला, टोंचल्या जागीं सूज येऊन ती दुखूं लागली. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां राजीखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांना लस देण्यांत आली आणि त्यांच्यांत रोगाचें व मृत्यूचें प्रमाण इतरांहून स्पष्टपणें कमी आढळलें. हा ताप आणि ही सूजच लोकांच्या मनांत धास्ती घालीत असे. टोंचून घेतल्यानें माणूस आजारी पडतो, हें त्यांना दिसे. ती सूज म्हणजे शरीरानें शत्रूचा चेहरा ओळखून घेतल्याची खूण आहे, हें कोणी त्यांना समजावून सांगत नसे.

मुंबईहून प्लेग दख्खनमध्यें शिरला तो बहुतांशीं आगगाडीच्या वाटेनें. नगर जिल्ह्यांतून जाणारा दौंड-मनमाड फांटा १८७८ सालीं खुला झाला होता. तत्पूर्वींच्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या मजुरांच्या घामावर तो उभा राहिला. या रुळांवरून दुष्काळांत धान्य येई, आणि धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर येत. उंदरांच्या अंगावरील पिसवा रोग वाहून नेतात, हें पॉल-लुई सिमाँ यानें १८९८ सालीं कराचींत दाखविलें; परंतु तें सर्वमान्य होण्यास मुंबईंतील १९०५ नंतरचे प्रयोग व्हावे लागले. तोंवर हवा, माती, कपडे, धान्य, सर्वांवरच संशय होता. खेड्यांतील लोकांना मात्र एक गोष्ट अनुभवानें ठाऊक झाली होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडावें आणि माळावर झोपड्या घालून राहावें, हा शिरस्ता दख्खनच्या खेड्यापाड्यांत रूढ झाला, आणि तो शास्त्राच्या कसोटीसहि पुढें उतरला.

या जिल्ह्याचें दुर्दैव असें कीं, प्लेग आणि दुष्काळ हातांत हात घालून आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनीं नगरला होरपळून काढलें. १८९१ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ८८ हजारांच्या वर होती. १९०१ सालीं ती ८ लाख ३८ हजारांच्या आंत आली. या घटीचा मोठा वांटा दुष्काळाचा होता. परंतु उपासमार आणि रोग यांचा हिशेब वेगवेगळा मांडतां येत नाहीं. न्यूट्रोफिल पेशी हाडांच्या मज्जेंत तयार होतात. निरोगी प्रौढ माणसाच्या मज्जेंतून रोज सुमारें १०,००० कोटि नव्या पेशी बाहेर पडतात आणि त्यांतील बहुतेक थोड्याच काळांत मरून जातात. एवढा कारखाना चालविण्यास अन्न लागतें. ज्याच्या पोटांत भाकरी नाहीं त्याच्या पेशींची जंतु मारण्याची शक्तिहि उणावते.

पुण्याच्या प्लेगनें जे बळी घेतले, त्यांत नगरशीं नातें असलेली एक थोर स्त्री होती. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं नगरला ठाणें घातलें आणि तेथें मिस सिंथिया फरार यांनीं मुलींच्या शिक्षणाचें काम पुष्कळ वर्षें केलें. त्यांच्यापाशींच सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचे धडे घेतले. पुढें पन्नास वर्षांनीं, १८९७ सालीं, पुण्यांत प्लेग भडकला तेव्हां सावित्रीबाई साठी ओलांडलेल्या विधवा होत्या. त्यांचा दत्तक पुत्र यशवंत हा डॉक्टर झाला होता. हडपसरजवळ माळावर त्यानें प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथें आणूं लागल्या. मुंढवें येथील महारवाड्यांतील एका आजारी मुलाला त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत पोंचविलें. तो मुलगा वांचला, असें सांगतात. सावित्रीबाईंना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. एकाच्या शरीरांत वार्ता वेळेवर पोंचली आणि दुसऱ्याच्या शरीरांत पोंचली नाहीं, एवढेंच आज म्हणतां येतें. त्या दिवसांत तर रोग्याच्या उशाशीं बसलेल्या डॉक्टरपाशीं गांठीवर शेक देणें आणि वाट पाहणें याहून फारसें कांहीं नव्हतें.

त्या काळच्या राज्यकर्त्यांनीं वार्ता मिळविण्याचा जो मार्ग धरला तो जुलमाचा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घराघरांत शिरून रोगी हुडकले, माणसांना छावण्यांत नेलें, सामानसुमान जाळलें. परिणाम असा झाला कीं, लोक रोगी माळ्यावर, अडगळींत, गोठ्यांत लपवूं लागले. ज्या घरांत रोग होता त्या घरानें तो नाकारला. प्रेतें रात्रीं गुपचूप हलविलीं जाऊं लागलीं. २२ जून १८९७ रोजीं चाफेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळी झाडली, ती या संतापाची परिणति होती. रोगाची बातमी देणाऱ्यालाच शिक्षा होऊं लागली म्हणजे बातमी येईनाशी होते, आणि बातमी आली नाहीं म्हणजे मदत उशिरा पोंचते. हा धडा त्या वर्षीं महाराष्ट्रानें फार मोठी किंमत देऊन शिकला.

१८९८-९९ सालीं प्लेगची चौकशी करण्यासाठीं सरकारनें एक कमिशन नेमलें. त्याचे अध्यक्ष प्रोफेसर फ्रेझर होते आणि सभासदांत नेटलीच्या लष्करी वैद्यकीय विद्यालयांतील प्रोफेसर आल्म्रोथ राइट हे होते. विषमज्वराच्या लशीवर त्यांनीं काम केलेलें होतें. हाफकिनच्या लशीनें रोगाचें व मृत्यूचें प्रमाण घटतें, परंतु तिनें मिळणारें संरक्षण पूर्ण नाहीं, असा कमिशनचा अभिप्राय पडला. पण लशीनें शरीरांत नेमकें काय होतें? त्या वेळीं शास्त्रज्ञांत दोन पक्ष पडले होते. मेचनिकॉफचा पक्ष म्हणे, रोगाशीं पेशी झुंजतात. बेरिंग आणि किटासाटो यांनीं १८९० सालीं दाखविल्याप्रमाणें रक्ताच्या पाण्यांतहि विषाचा उतारा असतो. म्हणून दुसरा पक्ष म्हणे, खरें काम रक्तजलाचें, पेशी केवळ प्रेतें उचलणाऱ्या.

राइट यांनीं इंग्लंडला परतल्यावर हा वाद मिटविण्याची वाट दाखविली. १९०३ सालीं स्ट्युअर्ट डग्लस यांच्या साह्यानें त्यांनीं पांढऱ्या पेशी धुवून रक्तजलापासून वेगळ्या केल्या आणि त्यांच्यापुढें जंतु ठेविले. नुसत्या पेशींनीं जंतु फारसे गिळले नाहींत. त्यांत ताजें रक्तजल मिळवितांच त्या अधाशासारख्या जंतु खाऊं लागल्या. रक्तजल आधीं तापवून घेतलें तर हा गुण बराच नाहींसा होई. म्हणजे रक्तजलांत असें कांहीं द्रव्य असतें कीं, जें जंतूला माखतें आणि पेशीच्या दृष्टीनें त्याला खाण्याजोगें करतें. कोरड्या भाकरीला चटणी लावावी तशांतलाच हा प्रकार. राइट यांनीं त्या द्रव्याला ऑप्सोनिन हें नांव दिलें. त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थहि जेवणाची सिद्धता करणें असाच आहे. दोन्ही पक्ष अर्धेअर्धे खरे ठरले. पेशी खातात, पण कोणाला खावें हें रक्तजल सांगतें. लस टोंचल्यानें हें सांगणें अगोदरच तयार होऊन राहतें.

हाफकिनला मात्र या यशाचा आनंद लाभला नाहीं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं एकाच कुपीतून लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मरण पावलीं. दोष प्रयोगशाळेच्या माथीं मारण्यांत आला आणि हाफकिनला कामावरून दूर करण्यांत आलें. कुपी गांवांत उघडतांना ती दूषित झाली असावी, हें दाखवून देण्यास मोठमोठ्या शास्त्रज्ञांना झगडावें लागलें. १९०७ सालीं तो निर्दोष ठरला. १९२५ सालीं परळच्या त्या प्रयोगशाळेला त्याचें नांव दिलें गेलें. तोंवर तेथून लशीच्या सुमारें २ कोटि ६० लक्ष मात्रा बाहेर गेल्या होत्या.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. कांट्याच्या गळवांत पेशींना बोलावणें कसें जातें? गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या बोलावण्याची भाषा पुष्कळशी उलगडली आहे. कातडीखालीं पहारा देणाऱ्या कांहीं पेशी कायमच्या वस्तीला असतात. जंतूंच्या आवरणांतील द्रव्यें आणि जखमी पेशींतून गळालेला ऐवज त्यांना चटकन ओळखतां येतो. त्या रासायनिक संदेश सोडतात. आसपासच्या रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून लाली आणि उष्णता. त्यांतून पाणी झिरपतें, म्हणून सूज. मज्जातंतूंची टोंकें चेतविलीं जातात, म्हणून वेदना. वाहिनीच्या आंतल्या अस्तरावर थोड्याच वेळांत आंकड्यांसारखे रेणू उगवतात. धांवत्या रक्तांतून जाणारी न्यूट्रोफिल पेशी त्यांत अडखळते आणि भिंतीवरून गडगडत चालते. इतक्यांत तिला इंटरल्यूकिन-८ सारखा संदेश भेटतो. १९८७ सालीं ओळखल्या गेलेल्या या द्रव्याचा स्पर्श होतांच तिच्या पृष्ठावरील पकडी घट्ट होतात. ती थांबते, चपटी होते आणि अस्तराच्या सांध्यांतून बाहेर सरकते. कोनहाइमनें जें पाहिलें होतें त्याचें कारण हें.

बाहेर आल्यावर ती वासाच्या अनुरोधानें माग काढणाऱ्या कुत्र्याप्रमाणें चालते. जंतूंचीं प्रथिनें एका विशिष्ट रासायनिक खुणेनें सुरू होतात. ती खूण पेशीला दुरून कळते. तिच्या पृष्ठावरील ग्राहकाला असा कण चिकटला कीं कांहीं क्षणांत आंतील कॅल्शियमची पातळी चढते, पेशीचा सांगाडा एका बाजूला विरघळून दुसऱ्या बाजूला उभारला जातो आणि ती त्या दिशेला पाय पसरते. सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. प्रथम पोंचलेल्या थोड्या पेशी जंतु गिळून थांबत नाहींत, तर ल्यूकोट्राइन बी-४ नांवाचें द्रव्य सोडून मागच्यांना हांक मारतात. त्या हांकेनें आलेल्या पेशी पुढची हांक देतात, आणि मधमाशांचें मोहोळ उठावें तशा त्या एका जागीं जमतात. गिळलेल्या जंतूवर त्या जें द्रव्य ओततात त्यांत हायपोक्लोरस आम्ल असतें. विहिरींत टाकावयाच्या ब्लीचिंग पावडरीचा जंतुनाशक गुणहि याच द्रव्याचा. पुवाला हिरवट छटा येते ती हें आम्ल तयार करणाऱ्या एका प्रथिनामुळें. प्रसंगीं या पेशी स्वतःच्या केंद्रांतील धागे बाहेर फेंकून जंतूंना जाळ्यांत पकडतात, हें १९०० च्या सुमारास कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. तें २००४ सालीं बर्लिनच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें. काम संपलें म्हणजे दुसरे संदेश निघतात, मेलेल्या पेशींना मोठ्या भक्षक पेशी गिळून टाकतात आणि दाह शमतो. बोलावणें जितकें महत्त्वाचें तितकेंच हें परतविणेंहि महत्त्वाचें. तें न झाल्यास तीच शस्त्रें स्वतःच्या सांध्यांवर आणि फुप्फुसांवर चालतात.

प्लेगचा जंतु घाव घालतो तो नेमका या संदेशांवर. पिसवेच्या पोटांतील थंडाईंतून तो माणसाच्या ३७ अंश उष्णतेंत आला कीं आपल्या आवरणांतील चरबीची घडण बदलतो. ही बदललेली चरबी शरीराच्या पहारेकऱ्यांना नीट ओळखूं येत नाहीं. २००६ सालच्या प्रयोगांत असें दिसलें कीं, जंतूला जुनीच ओळखीची चरबी घडवावयास लाविलें तर उंदरांचीं शरीरें त्याला सहज परतवितात. म्हणजे हा वेषपालट हेंच त्याचें मोठें बळ. त्याखेरीज त्याच्यापाशीं सुईसारखें एक उपकरण असतें. जवळ आलेल्या पेशींत तें टोंचून तो आपलीं प्रथिनें आंत सोडतो. २००५ सालीं असें आढळलें कीं, या सुईचें मुख्य लक्ष्य न्यूट्रोफिल आणि इतर भक्षक पेशी हेंच असतें. एक प्रथिन पेशीच्या आंतील निरोपांची सांखळी तोडतें, दुसरें तिचा सांगाडा ढांसळवितें, तिसरें तिला बाहेर हांक मारूं देत नाहीं. पेशी जागेवर आहे. पण तिचे पाय गेले आणि वाचाहि गेली. ल्यूकोट्राइनची ती पहिली हांकच या रोगांत उठत नाहीं, असें अलीकडच्या संशोधनांत दिसून आलें आहे.

या शांततेंत जंतु लसिकावाहिनीनें जवळच्या ग्रंथींत पोंचतो आणि अमाप वाढतो. फुप्फुसाच्या प्लेगचा उंदरांवर अभ्यास करतांना पहिला सुमारें दीड दिवस फुप्फुसांत दाहाची जवळ जवळ खूणच दिसत नाहीं. मग एकाएकीं न्यूट्रोफिल पेशींचा पूर लोटतो. तोंवर जंतु इतके झालेले असतात कीं, त्या पुरानें ते मरत नाहींत, फुप्फुसच उध्वस्त होतें. तापलेली, हात लावूं न देणारी जी गांठ १८९७ सालच्या डॉक्टरांनीं पाहिली, ती उशिरा आलेल्या मदतीची गर्दी होती. आधीं मौन आणि मग आकांत, हें प्लेगचें स्वरूप. लशीनें जी प्रतिद्रव्यें तयार होतात त्यांतील कांहीं जंतूच्या आवरणाला माखतात, तर कांहीं सुईच्या टोंकालाच अडकून तिची टोंचणी बोथट करतात. राइट यांच्या चटणीचा एवढा मोठा अर्थ होता.

१९४० च्या दशकांत सल्फा औषधें आणि नंतर स्ट्रेप्टोमायसिन हातीं आलें, तेव्हां रोग्याच्या उशाशीं बसलेल्या डॉक्टरची असहायता संपली. सल्फा औषधांच्या कामांत कर्नल साहिबसिंग सोखी यांच्या नेतृत्वाखालीं हाफकिन इन्स्टिट्यूटनें मोठा भाग उचलला. औषध जंतूंची वाढ रोखतें किंवा त्यांना मारतें, म्हणजे पेशींना हवा तो वेळ मिळतो. पण औषध पोंचण्यासाठींहि आधीं बातमी पोंचावी लागते. १९९४ च्या ऑगस्टांत नगरच्या पूर्वेस लागूनच असलेल्या बीड जिल्ह्यांत मामला गांवीं उंदीर पडले, पिसवा वाढल्या आणि लोकांना गांठी येऊं लागल्या. ती वार्ता आरोग्यखात्याकडे गेली, पिसवा मारण्याचें काम झालें, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वांटल्या गेल्या आणि तेथील साथ आटोक्यांत आली. पुढच्याच महिन्यांत सुरतेंत फुप्फुसाचा प्लेग झाल्याची बातमी फुटली, तेव्हां लाखों माणसें शहर सोडून पळालीं, दुकानांतील औषधें एका दिवसांत दिसेनाशीं झालीं आणि परदेशांनीं विमानें बंद केलीं. मृत्यु पन्नास-साठांच्या घरांत राहिले. घबराटीचा फटका त्याहून कितीतरी मोठा बसला. दडपलेली वार्ता जशी घातक तशी बेलगाम झालेलीहि घातक, हें शरीराचें जुनें सूत्र त्या दोन महिन्यांत शेजारशेजारच्या दोन राज्यांत दिसून आलें.

आज अहिल्यानगर असें नांव धारण करणाऱ्या या जिल्ह्यांत प्लेगच्या झोपड्या उरल्या नाहींत. पण बाभळीचा कांटा अजून पायांत मोडतो आणि ती जागा दुसऱ्या दिवशीं लाल होऊन ठणकते. त्या ठणक्यानें माणसानें त्रासावें हें स्वाभाविक आहे. तथापि त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, तो ठणका म्हणजे निरोप पोंचल्याची पावती आहे. ज्या शरीरांत अशी पावती येते तेथें मदत निघालेली असते. ज्या गांवांत उंदीर पडल्याचें पहिलें माणूस निर्भयपणें सांगूं शकतें, त्या गांवाचीहि तीच स्थिति. प्लेगच्या वर्षांनीं महाराष्ट्राला शिकविलेलें हें शहाणपण सांभाळून ठेवण्यास खर्च येत नाहीं. सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाहीं, एवढी व्यवस्था मात्र राखावी लागते.